जाड पाइनवुड आणि जिगसॉचं ब्लेड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौशी मंडळींना सुतारकाम शिकवताना मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारी तक्रार अशी: "मशीन नवं, ब्लेड नवं, लाकूड तर एवढं मऊ. तरी दोन इंची पाइन कापताना धूर येतो, आणि काप खाली तिरका जातो." बहुतेक वेळा मशीन, म्हणजे जिगसॉ (पातं वरखाली करून कापणारी विजेवरची करवत), चांगलं असतं, हातही चुकत नसतो. ब्लेड चुकीचं असतं. पुढचे प्रश्न अशाच बोलण्यांतून जमलेले आहेत.

मऊ लाकूड म्हणजे नेमकं कोणतं? मला तर सावरही मऊच लागते.

वनस्पतिशास्त्रात 'सॉफ्टवुड' म्हणजे सूचिपर्णी झाडांचं लाकूड: पाइन म्हणजे चीड, देवदार, स्प्रूस, फर. त्या हिशोबाने सावर आणि पांगारा ही 'हार्डवुड' ठरतात, मग नखाने दाबली तरी खड्डा का पडेना. नावावर अडून बसू नका. आपल्याकडे या नावाखाली मुख्यतः मिळतं ते पाइनवुड. त्यात परदेशातून येणारं पाइन बरंच असतं. ते गुजरातेत गांधीधामच्या पट्ट्यात कापलं जातं आणि तिथून आपल्या टिंबर मार्केटमध्ये येतं. दुसरा मोठा साठा म्हणजे परदेशी माल भरून आलेल्या पेट्या आणि पॅलेट (माल रचायचे लाकडी पाट).

ब्लेड निवडताना पाइनच्या तीन सवयी लक्षात घ्यायच्या. त्याचे तंतू लांब असतात, म्हणून भुसा पिठासारखा न पडता कुरळा आणि दोऱ्यादोऱ्यांचा पडतो. त्यात राळ असते. आणि त्यात फिकट मऊ पट्टा आणि गडद कडक पट्टा आलटून पालटून येतात. फळीच्या टोकाकडून पाहिलंत तर हे पट्टे स्पष्ट दिसतात. नख लावून पाहा: फिकट भागात रुततं, गडद भागावरून घसरतं. ब्लेडला हा फरक प्रत्येक मिलिमीटरला जाणवत असतो.

मशीनसोबत जे ब्लेड आलं तेच लावलं तर काय बिघडतं?

मशीनसोबत येणारं ब्लेड बहुधा मधल्या दातांचं असतं. प्लाय, पातळ फळी, थोडंबहुत सगळं कापायला ते बरं. जाड पाइनमध्ये मात्र ते गुदमरतं. का, ते एकदा नीट समजून घेतलं तर पुढचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत.

जिगसॉचं पातं वरखाली जातं ते फक्त १८ ते २६ मिलिमीटर. आपण २० धरू. आता १८ मिमीचा प्लाय कापताय असं समजा. प्रत्येक दात एका फेरीत लाकडाच्या बाहेर येतो आणि आणलेला भुसा टाकून रिकामा होतो. त्याच मशीनखाली ४५ मिमी जाडीचं पाइन ठेवा. मधला दात २० मिमी वर जातो, २० मिमी खाली येतो, आणि या सगळ्या प्रवासात तो लाकडाच्या आतच असतो. बाहेरचा उजेड त्याला दिसतच नाही. त्याने कापलेला भुसा त्याच्याच पुढच्या खाचेत साठतो. खाच भरली की दात कापायचा थांबतो आणि घासायला लागतो. घासलं की उष्णता, उष्णतेने राळ वितळते, वितळलेली राळ भुशाला चिकटवते, आणि खाच आणखी पक्की बुजते. तुम्हाला वाटतं मशीनची ताकद कमी पडते आहे, म्हणून तुम्ही जोर लावता. जोर लावला की पातं वाकतं.

म्हणून जाड लाकडासाठी ब्लेड हातात घेतलं की "धार किती" याच्या आधी "भुसा कुठे मावणार" हे पाहायचं.

मग दात किती मोठे हवेत?

दोन दातांच्या टोकांमधलं अंतर ४ मिमीच्या आसपास, किंवा त्याहून थोडं जास्त.

हिशोब करून पाहा. ४५ मिमी जाडीत १.४ मिमी अंतराचे ३२ दात एकाच वेळी अडकतात. २.५ मिमीचे १८. ४ मिमीचे जेमतेम ११. ज्या ब्लेडचे ११ दात अडकतात त्याच्या प्रत्येक खाचेत जागा भरपूर असते, आणि तुमच्या हाताचा जोर ३२ दातांत वाटला जाण्याऐवजी ११ जणांना मिळतो. प्रत्येक दात खोल चावतो, भुसा जाडसर पडतो, पातं गार राहतं.

घरी पट्टी नसेल तर सुताचा हिशोब लावा, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन दातांत दीड सूत दिसलं तर योग्य. सुतापेक्षा कमी असेल तर ते ब्लेड प्लायसाठी ठेवा.

बारीक दात म्हणजे सफाईदार काप, ही समजूत पातळ लाकडापुरती खरी आहे. जाड पाइनमध्ये बारीक दाताचं पातं तापतं, वाकतं आणि कापावर काळे चट्टे उमटवतं. तो काप मोठ्या दातांच्या कापापेक्षा वाईट दिसतो.

लांबी कशी ठरवायची? ५० मिमीसाठी ७५ मिमीचं पातं पुरेल ना?

पातं किती लांब, यापेक्षा दात असलेला भाग किती लांब, ते मोजा. त्यातून मशीनचा स्ट्रोक, म्हणजे पात्याची वरखाली चाल, वजा करा. आणखी पाचेक मिमी सोडून द्या. उरेल तेवढं जाड लाकूड ते ब्लेड नीट कापेल.

१०० मिमी एकूण लांबीच्या नेहमीच्या ब्लेडला सुमारे ७५ मिमी दात असतात. ७५ मधून २० गेले, ५५ राहिले, थोडं सोडलं की ५०. अशा ब्लेडच्या पाकिटावर "५० मिमीपर्यंत" छापलेलं असतं, ते याच हिशोबाने. ११७ मिमीचं ब्लेड ६५ मिमीपर्यंत, १५२ मिमीचं १०० मिमीपर्यंत.

स्ट्रोक का वजा करायचा? पातं सगळ्यात वर गेलेलं असतानाही त्याचं टोक लाकडाच्या खालच्या बाजूने बाहेर दिसलं पाहिजे. ते टोक लाकडाच्या आत ओढलं गेलं, तर खाली येताना ते न कापलेल्या जागेवर ठोकर मारतं. मशीन हातात उसळतं आणि बऱ्याचदा पातं वाकतं किंवा तुटतं.

पण म्हणून "लांब असलेलं बरं" असं समजून १५२ मिमीचं ब्लेड दीड इंची फळीला लावू नका. जितकं पातं लांब तितकं ते लवतं. गरजेपुरतं लांब, तेवढंच.

ब्लेडच्या दांड्यावरचे आकडे आणि अक्षरं काय सांगतात?

बॉशची पद्धत इतकी रुळली आहे की इतर अनेक कंपन्यांच्या पाकिटावरही तोच नंबर छापलेला दिसतो. टी १४४ डी घ्या. सुरुवातीचा 'टी' म्हणजे दांड्याचा, मशीनमध्ये बसणाऱ्या टोकाचा, आकार. पहिला आकडा १ असेल तर नेहमीची लांबी, ३ म्हणजे लांब, ७ म्हणजे खूप लांब. शेवटचं अक्षर दाताचं: 'ए' बारीक, 'बी' मध्यम, 'सी' मोठा, 'डी' सगळ्यात मोठा. जाड पाइनवाल्याने 'डी' हे अक्षर पाठ करावं.

त्यानंतर जोडअक्षरं येतात. 'पी' असेल तर पातं जाड, सरळ कापासाठी. 'एफ' म्हणजे बायमेटल, दोन धातूंचं पातं. 'ओ' म्हणजे अरुंद पातं, वळणासाठी. 'आर' म्हणजे उलटे दात. 'एक्स' म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दातांचं अंतर वाढत जाणारं पातं.

ते सगळं ठीक. दुकानात जाऊन काय मागू, तेवढं सांगा.

दीड-दोन इंची पाइन, सरळ काप, नंतर रंधा मारायचाच आहे: टी १४४ डी. माझ्याकडची ८० टक्के जाड कामं याच्यावर होतात. काप खडबडीत येतो, पण लोण्यातून सुरी जावी तसं जातं.

त्याच जाडीत कड दिसणार असेल, म्हणजे फडताळ किंवा बाकाची बैठक: टी १०१ डी. यालाही दात मोठेच आहेत, पण ते फाकवलेले (एक डावीकडे, एक उजवीकडे वाकवलेले) नसून घासून धार दिलेले असतात आणि पातं पाठीकडे निमुळतं होत जातं. वेग थोडा कमी, काप बराच साफ. हे ४५ मिमीपर्यंत वापरावं.

दोन इंचाच्या वर, अडीचपर्यंत, आणि सफाईही हवी: टी ३०१ सीडी. त्याहून जाड: टी ३४४ डी, आणि काटकोन महत्त्वाचा असेल तर टी ३४४ डीपी.

वळणासाठी टी २४४ डी.

पहिल्या खरेदीला टी १४४ डीचं पाचाचं एक पाकीट आणि टी १०१ डीचं एक, एवढंच घ्या. तीस वेगवेगळ्या ब्लेडांचे स्वस्त डबे मिळतात, त्यातली वीस तुम्ही कधी लावणारच नाही आणि हवं ते पातं मात्र एकच असतं. हे मी अनेकांच्या कपाटात पाहिलं आहे.

माझ्या जुन्या मशीनमध्ये हे ब्लेड बसतच नाही.

तुमचं मशीन यू दांड्याचं असेल. यू दांड्याच्या टोकाला अर्धगोल खाच असते आणि स्क्रूने आवळावं लागतं. टी दांड्याला दोन बाजूंनी छोटे कान असतात आणि ते खटक्याने बसतं. आज नवी मशीन जवळजवळ सगळी टी दांड्याचीच येतात. यू दांड्यातही मोठ्या दातांची पाती मिळतात, दुकानदाराला दांडा दाखवूनच घ्या.

या मशीनचा जन्म शिलाई मशीनमधून झाला, हे अनेकांना माहीत नसतं. १९४६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिंटिला कंपनीतल्या आल्बर्ट काउफमान यांनी शिलाई मशीनची सुई काढून तिथे करवतीचं पातं बसवलं. पुढच्याच वर्षी हे यंत्र लेस्टो या नावाने विकायला आलं, आणि १९५४ मध्ये ती कंपनी बॉशकडे गेली. सुई जशी एकाच टोकाला धरलेली असते, तसंच आपलं पातंही फक्त वरून धरलेलं असतं. खालचं टोक मोकळं. जाड लाकडातल्या बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून येतात.

ऑर्बिटलचा खटका कुठे ठेवायचा?

मशीनच्या बाजूला ० ते ३ आकडे असलेला खटका असतो. शून्यावर पातं नुसतं वरखाली जातं. आकडा वाढवला की वर जाताना ते पुढे चावा घेतं आणि खाली येताना थोडं मागे सरतं. हे मागे सरणंच आपल्या कामाचं: दात लाकडापासून सुटतात आणि अडकलेला भुसा खाली पडायला वाट मिळते.

जाड पाइनमध्ये सरळ उभा काप, म्हणजे तंतूंच्या दिशेने: २ किंवा ३. आडवा काप: १ किंवा २. कड दिसणार असेल तर १. वळण असेल तर ०, फार तर १. गाठ आली की एक आकडा खाली.

वेग मात्र लाकडाला चढाच लागतो. सुरुवात हळू करा, पातं रेषेत शिरलं की पूर्ण वेग द्या.

वरून काप अगदी रेषेवर असतो, खाली मात्र तिरका जातो. का?

मागे एका शिकणाऱ्याने बाकाच्या पायासाठी दोन इंची पाइनचा तुकडा कापून आणला. वरून पाहिलं तर पेन्सिलची रेघ अर्धी शिल्लक, इतका अचूक. मी तो टेबलावर उभा केला आणि कापलेल्या बाजूला गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावला. वरच्या कडेला गुण्या चिकटला होता, खालच्या कडेला चांगला दोन सूत उजेड. त्याने लाकूड उलटंपालटं करून पाहिलं, मशीनचा तळ तपासला. तळ काटकोनात होता.

मग आम्ही त्याचं पातं काढलं. दात अडीच मिमीचे, खाचांत तपकिरी राळ भरलेली, बोट लावलं तर चिकटत होतं. नवं टी १४४ डी लावलं, ऑर्बिटल २, आणि त्याला एकच गोष्ट सांगितली: मशीन पुढे ढकलू नकोस, खाली दाबून धर आणि पातं कापेल तसं पुढे जाऊ दे. त्याच फळीचा दुसरा तुकडा निघाला. गुण्याखाली उजेड दिसला, पण केसाएवढा.

काय झालं होतं? अडीच मिमीचं पातं चोंदलं, कापेना, म्हणून त्याने रेटलं. रेटल्यावर मोकळं टोक बाजूला वळलं, आणि एकदा ते गडद कडक पट्ट्याला लागलं की पट्ट्याच्या कडेकडेने मऊ भागातूनच जात राहिलं. वरचा भाग तुमच्या हातात असतो, म्हणून तो रेषेवर राहतो. खालचा भाग जिथे सोपं वाटेल तिथे जातो.

एवढं करूनही तिरकं जात असेल तर पुढचं पाहा. ब्लेडच्या पाठीमागचा छोटा रोलर पात्याला टेकतो का? त्याची खाच झिजली असेल तर पातं डुलतं. तळाचे स्क्रू सैल आहेत का? वळणाचं अरुंद पातं सरळ कापाला लावलंय का? रेषेवरून सरकलात म्हणून कापाच्या मध्यात मशीन वळवून परत आणलंत का? असं वळवलं की वर रेषा सापडते, खाली पीळ पडतो. अशा वेळी मागे जाऊन पुन्हा शिरा.

आणि हे मी प्रत्येकाला आधीच सांगतो: दोन इंची लाकडात जिगसॉने काटकोन अगदी तंतोतंत येणार नाही. जोडाची कड असेल तर रेषेच्या बाहेर एक सूत सोडून कापा आणि रंध्याने रेषेवर या.

वरच्या बाजूला ढलप्या उडतात.

जिगसॉचे दात वर तोंड करून असतात, कापतात वर जाताना. म्हणून वरची बाजू फाटते, खालची साफ राहते. चांगली बाजू खाली ठेवा आणि मागच्या बाजूवर आखा. आडव्या कापाला धारदार सुरीने रेघ आधी दोनदा ओढून घ्या, तंतू तिथेच तुटतात. मशीनसोबत पात्याभोवती बसवायचा छोटा प्लॅस्टिकचा तुकडा आला असेल तर तो लावा. लोक तो डब्यातच ठेवतात.

उलट्या दातांचं ब्लेड, टी १०१ बीआर, जाड पाइनला नको. ते स्वयंपाकघराच्या ओट्याच्या लॅमिनेट फळीसाठी आहे. जाड लाकडात ते मशीनला वर उचलत राहतं, आणि ते दाबून धरता धरता हात भरून येतात.

जाड लाकडात वळण घ्यायचं आहे.

अरुंद पातं, ऑर्बिटल शून्य, आणि घाई अजिबात नाही. झोपाळ्याच्या पाटाला गोल कोपरे द्यायचे असतील तर आधी बाहेरच्या कडेपासून रेषेपर्यंत चार-पाच सरळ काप मारून घ्या. मग वळणावरून जाताना तुकडे आपोआप गळून पडतात आणि पात्याला मागे फिरायला जागा मिळते. वळणाच्या कापात खालची कड फुगलेली निघते, हे धरूनच चाला. दोन सूत बाहेरून कापा, उरलेलं कानशीने आणि पॉलिश पेपरने उतरवा. घट्ट वळण असेल तर मी जिगसॉ बाजूला ठेवतो आणि गिरमिटाने ओळीने भोकं पाडून घेतो.

गाठ मध्ये आली तर?

वेग तसाच ठेवा, हात सैल करा. पाइनची गाठ आजूबाजूच्या लाकडापेक्षा खूपच कडक असते आणि तिथे तंतूंची दिशाही फिरलेली असते. आखतानाच गाठ टाळता आली तर उत्तम. गाठीच्या अगदी कडेवरून काप नेऊ नका, मधून गेलेलं परवडतं. सुटलेली काळी गाठ असेल तर आधीच ठोकून काढून टाका, नाहीतर ती पात्याबरोबर उसळून बाहेर येते.

पात्याला राळ चिकटते. कशाने जाईल?

टर्पेंटाइनने. हे तेल पाइनच्या राळेपासूनच निघतं, म्हणून तीच राळ ते विरघळवतं. पातं मशीनमधून काढा, चिंधीला टर्पेंटाइन लावून पुसा, खाचा जुन्या टूथब्रशने मोकळ्या करा. रॉकेल असेल तर तेही चालतं. जवळ ज्योत नको, खिडकी उघडी हवी, आणि पातं पूर्ण कोरडं करूनच परत लावा. चाकूने खरवडू नका, दाताची धार जाते.

लोक ज्याला "ब्लेड गेलं" म्हणतात त्यातली बरीच पाती नुसती राळेने माखलेली असतात. फेकण्याआधी एकदा पुसून पाहा.

पॅलेटचं लाकूड कापतो. खिळे लागतात.

आधी खिळे काढा. तुटून आत राहिलेले दिसत नसतील तर लोहचुंबक फिरवून शोधा. तरी एखादा राहतोच, म्हणून इथे साधं कार्बन स्टीलचं पातं न लावता बायमेटल लावा. टी ३४५ एक्सएफ हे खिळे असलेल्या लाकडासाठीच केलेलं आहे.

एक गोष्ट लाकूड उचलतानाच पाहा. आंतरराष्ट्रीय मालाच्या पॅलेटवर शिक्का असतो. त्यात 'एचटी' असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटं तापवलेलं आहे, ते घ्या. 'एमबी' असेल तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते मी कार्यशाळेत आणत नाही, आणि तुम्हीही घरात आणू नका. रसायन किंवा तेल सांडल्याचे डाग असलेलं पॅलेटही सोडून द्या.

कार्बन स्टील, बायमेटल, कार्बाइड: पाइनला कोणतं?

कार्बन स्टील. ते स्वस्त आहे, लवचिक आहे, पाइनला तेवढी धार पुरते. बायमेटलमध्ये पाठ लवचिक आणि दात हायस्पीड स्टीलचे असतात, ते बरंच जास्त टिकतं. रोज कापत असाल, किंवा गाठी फार असतील, तर टी १४४ डीएफ घ्या. कार्बाइड सिमेंट बोर्ड, फायबर अशा गोष्टींसाठी. पाइनला त्यावर पैसे घालू नका.

पावसाळ्यात लाकूड पात्याला आवळून धरतं.

कोकणातल्या मंडळींचा हा नेहमीचा प्रश्न. ओलं लाकूड फुगतं, तंतू तुटण्याऐवजी लोंबतात, आणि कापाची फट मागून मिटते. इथे फाकवलेल्या दातांचं टी १४४ डीच लावा, कारण त्याची फट पात्यापेक्षा रुंद पडते. घासलेल्या दातांचं टी १०१ डी ओल्या लाकडात अडकतं. फट मिटायला लागली तर मागे लाकडाची पातळ पाचर सरकवा. खरं म्हणजे लाकूड महिनाभर घरात, जमिनीपासून उंच, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवा आणि मग कापा.

पाती पण गंजतात. काम झालं की मशीनच्या तेलाचा हात फिरवून झाकणाच्या डबीत ठेवा.

कापाला काळे डाग पडतात, जळका वास येतो.

पातं बोथट झालंय, किंवा राळेने माखलंय, किंवा दात बारीक आहेत. या तिघांपैकी एक.

बोथट पात्याला धार लावता येते का?

मोठ्या दाताला बारीक कानशीने लावता येते, आमच्या आधीच्या पिढीतल्या सुतारांनी करवतींना आयुष्यभर लावली. पण जिगसॉच्या पात्यात दात पुन्हा सारख्या उंचीचे आणि सारखे फाकलेले राहायला हवेत, ते हाताने साधत नाही. एक दात जरी एका बाजूला जास्त फाकला तर पातं त्या बाजूला ओढलं जातं. मी लावत नाही. बोथट पाती फरशीवरचे रंगाचे थेंब खरवडायला उपयोगी पडतात.

नवं पातं चांगलं आहे की नाही, दुकानात कसं ओळखायचं?

काउंटरच्या काचेवर आडवं ठेवा, पातं कुठे वाकलेलं दिसायला नको. मग दाताच्या टोकाकडून, बंदुकीची नेम धरावी तसं पाहा. फाकवलेल्या पात्याचे दात एक डावीकडे एक उजवीकडे, सारखे दिसले पाहिजेत. दांड्यावरचा नंबर नखाने पुसला जात असेल तर परत द्या.

सुरक्षिततेचं काय?

चष्मा आणि मास्क, यावर तडजोड नाही. पातं बदलताना प्लग काढा, आणि काप संपल्यावर लगेच पात्याला हात लावू नका, जाड लाकडातून निघालेलं पातं चांगलंच भाजतं.

पण जाड लाकडाचा खास धोका खाली असतो. पातं लाकडाच्या खालून दोन बोटं बाहेर येत-जात असतं आणि वरून ते दिसत नाही. फळी धरायला माणसं नकळत डावा हात खाली घालतात. मी एका मुलाचं मनगट ऐन वेळी ओढलेलं आहे, मशीनचा आवाज बंद झाल्यावरची शांतता अजून आठवते. फळी दोन सी क्लॅम्पनी बांधा, म्हणजे तो हात खाली जायचं कारणच उरत नाही. खाली टेबल, घोडा (फळी ठेवायचा लाकडी आधार) किंवा स्वतःच्याच मशीनची वायर नाही ना, हे वाकून पाहा. मग खटका दाबा.

परदेशात राहतो. इथे 'टू बाय फोर' मिळतं, त्याला कोणतं?

अमेरिकेतलं टू बाय फोर प्रत्यक्षात ३८ × ८९ मिमी असतं. आडवं ठेवून ३८ मधून कापलंत तर टी १४४ डी पुरतं. ८९ च्या बाजूने उभं कापायला जाऊ नका.

चार इंची खांब जिगसॉने कापता येईल का?

१५२ मिमीचं पातं कागदोपत्री १०० मिमी कापतं, मशीनची क्षमता तेवढी असेल तर. आधी मशीनच्या माहितीपत्रकात लाकडाची कमाल जाडी पाहा, लहान मशीनची ती ६५ मिमीच्या आसपास असते. पातं लांब लावल्याने मशीनची ताकद वाढत नाही.

आणि असलीच क्षमता, तरी चार इंचांत काप खाली कुठे निघेल याची खात्री मी देणार नाही. खांबाच्या चारही बाजूंना गुण्याने रेघ फिरवून घ्या, रेघ जिथून सुरू झाली तिथेच येऊन मिळाली पाहिजे. मग मोठ्या दातांची हातकरवत घ्या. एका कोपऱ्यावर सुरू करा, दोन बाजूंच्या रेघा एकाच वेळी दिसतील अशी करवत धरा, इंचभर कापलं की खांब पाव फेरा फिरवा. पाइन मऊ आहे, चौथ्या बाजूला पोहोचायला पाचेक मिनिटं लागतात, आणि काप चारही रेघांवर निघतो.